डबा टीव्हीला भंगार म्हणू नका, त्याच्या पोटात आरजीबी आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातला ई-कचरा कसा काढावा यावर लेख आला होता. लेख चांगला होता, चार्जर, बॅटऱ्या, ट्यूबलाइट सगळं नीट सांगितलं होतं, पण त्यात मध्येच एक वाक्य होतं की जुना डबा टीव्ही आता कशाच्याच कामाचा नाही, आणि त्या एका वाक्यावर मला बोलायचंय. पत्र जरा लांबेल. कापायचं तर कुठंही कापा पण करंटचा भाग आहे तो तेवढा ठेवा, कारण अर्धवट वाचून कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसला तर पंचाईत.

डबा टीव्ही, म्हणजे मागे काचेची मोठी पिक्चर ट्यूब असलेला जुना टीव्ही, कामाचा आहे. आणि एका बाबतीत तर आजच्या ५५ इंची एलईडीपेक्षा जास्त कामाचा आहे, ते म्हणजे जुने व्हिडिओ गेम. हसू नका. सामुराई, मीडियाचा लिटल मास्टर, शॉ वॉलेसने नव्वदीत इथे विकलेला सेगाचा मेगा ड्राइव्ह, मग प्लेस्टेशन वन आणि टू, ही मशीन्स आपल्याकडे कितीतरी घरांच्या माळ्यावर पडलीयेत. त्या वेळची पोरं आता चाळिशीला आलीत, ती मशीन खाली काढतात, पुसतात, हौसेने हॉलमधल्या एलईडीला लावतात आणि मग म्हणतात अरे हे असं घाण का दिसतंय, आपल्या लहानपणी तर भारी दिसायचं.

तर ते का, ते सांगतो. आपल्याकडचं टीव्हीचं सिग्नल म्हणजे पाल, ६२५ ओळी, पण त्या एकदम येत नाहीत, आधी एक आड एक ओळी आणि मग मधल्या राहिलेल्या, सेकंदाला ५० वेळा. जुन्या गेमवाल्यांनी यात एक युक्ती केली, त्यांनी मधल्या ओळी पाठवल्याच नाहीत, तेच तेच अर्ध्या ओळींचं चित्र त्याच जागेवर पुन्हा पुन्हा काढलं. त्यामुळे चित्र हलत नाही, थरथरत नाही, आणि दोन ओळींच्या मधे बारीक काळी फट राहते जी त्या चित्रांना शोभते, कारण ती चित्रं काढणाऱ्यांनीच अशा टीव्हीवर बघून काढलेली. एलईडीला हे कळतच नाही. तिला वाटतं नेहमीसारखं अर्धं-अर्धं चित्र येतंय, मग ती ते जोडायला जाते, ताणते, पुसट करते, आणि या सगळ्या उद्योगात वेळ घालवते. बटण दाबल्यावर उडी उशिरा. पिक्चर बघताना हे जाणवत नाही पण मारिओला खड्ड्यावरून उडवताना बरोब्बर जाणवतं. डबा टीव्हीत साठवणं बिठवणं काही नाही, सिग्नल आला की तिथल्या तिथे काचेवर.

बदक मारायच्या गेमची बंदूक आठवत असेल. ती एलईडीवर चालतच नाही, नेम कितीही धरा. चाप ओढला की गेम एक क्षण सगळा पडदा काळा करतो आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीत गोळी नसते, उजेड ओळखणारा सेन्सर असतो, तो त्या ठरलेल्या क्षणी उजेड दिसला का एवढंच बघतो. एलईडीवर तो चौकोन उशिरा येतो, तोवर गेमने तुम्हाला नापास केलेलं असतं आणि गेममधला तो कुत्रा हसून गेलेला असतो. (तो कुत्रा अजूनही डोक्यात जातो.)

आता मुद्द्याचं. लोक म्हणतात ठीक आहे, खेळायला डबा चांगला, पण चित्र तर पसरटच ना, लाल रंग बाजूला ओघळतो, अक्षरांच्या कडेला मुंग्या चालतात. बरोबर आहे. पण एक करून बघा. डबा टीव्हीवर काहीही चालू ठेवा आणि रिमोटने आवाज वाढवा. त्या हिरव्या दांड्या येतात ना, किंवा कोपऱ्यात चॅनलचा नंबर, तो नीट बघा. कडा किती स्वच्छ. त्याच काचेवर, त्याच ट्यूबवर, मागचं चित्र भुरकट आणि नंबर एकदम कडक. याचा अर्थ ट्यूबमध्ये खोट नाही, चित्र ज्या वाटेनं येतं त्या वाटेत आहे.

मागची पिवळी पिन असते ती कंपोझिट. तिच्यात चित्राचा उजेड आणि रंग एकाच तारेत घातलेले असतात, रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या लहरीवर बसवून. म्हणजे वरण, भात आणि श्रीखंड एकाच डब्यात कालवून पाठवायचं आणि ऑफिसात पोचल्यावर वेगवेगळं करून खा म्हणायचं. टीव्ही बिचारा वेगळं करतो पण पूर्ण होत नाही, थोडा उजेड रंगात जातो, थोडा रंग उजेडात, त्याच त्या मुंग्या. अँटेनाच्या सॉकेटमधून तीन नंबर चॅनलवर लावलं तर त्याहून वाईट, कारण तिथे हे कालवण पुन्हा रेडिओच्या लहरीवर चढवून उतरवायचं असतं. चॅनलचा नंबर मात्र असा येत नाही. तो टीव्हीतल्या छोट्या कंट्रोलर चिपमधून लाल, हिरवा, निळा (रेड, ग्रीन, ब्लू, म्हणून आरजीबी) अशा तीन वेगळ्या तारांनी थेट मेन आयसीत जातो, मेकॅनिक लोक जिला जंगल आयसी म्हणतात तिच्यात, आणि चौथी एक तार असते ब्लँकिंगची, तिच्यावर व्होल्टेज आलं की आयसी तेवढ्या जागेपुरतं मागचं चित्र सोडते आणि या तीन तारांवरचं दाखवते.

तर ज्या वाटेनं चॅनलचा नंबर येतो त्याच वाटेनं अख्खा गेम आत सोडायचा, एवढीच ती सगळी करामत. मेगा ड्राइव्ह, प्लेस्टेशन, सुपर निन्टेन्डो यांच्या मागच्या सॉकेटमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे बाहेर येतातच, कंपनीनेच दिलेत, आपल्याकडे ती केबल कुणी विकली नाही एवढंच.

बरं ही वाट टीव्हीत कुणी ठेवली, तर युरोपने. फ्रान्समध्ये १९८० पासून टीव्हीला २१ पिनांचं स्कार्ट सॉकेट सक्तीचं झालं, मग तिकडे सगळीकडेच पसरलं, आणि त्यातून आरजीबी थेट आत जायचं. फिलिप्सच्या टीडीए ८८४१ ते ८८४४ या आयसी त्या बाजाराचा विचार करून केलेल्या, त्यांना आरजीबीच्या पिना आहेत आणि त्या ०.७ व्होल्टचं नेहमीचं सिग्नल सरळ घेतात. हीच जात आपल्याकडच्या टीव्हीतही आली, फक्त सॉकेट आलं नाही, कारण लावायचं कशाला आणि लावणार काय, इथे केबलवाला आणि व्हीसीआर यापलीकडे कुणाकडे काय होतं. पुढे कंट्रोलर आणि जंगल एकाच चिपमध्ये आले, टीडीए ९३५१ वगैरे, त्यात नंबर आतल्या आतच काढला जातो पण बाहेरून आरजीबी घ्यायच्या पिना तरीही आहेत, बऱ्याच बोर्डांवर त्या कपॅसिटर लावून नुसत्या गप्प बसवलेल्या असतात. म्हणजे कितीतरी वर्षं आपल्या हॉलमध्ये आरजीबीचा टीव्ही होता आणि आपण त्यावर पिवळ्या पिनेने खेळलो.

काम करताना आधी बोर्डावरच्या आयसीचा नंबर वाचायचा आणि तिची डेटाशीट (कुठली पिन कशाची ते सांगणारा कंपनीचा कागद) काढायची, अंदाजाने सोल्डरिंग करायचं नाही. लाल, हिरवा, निळा या प्रत्येक तारेला ७५ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला आणि पुढे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून मग पिन. ब्लँकिंगला ५ व्होल्टवरून रेझिस्टर टाकून एक ते तीन व्होल्टच्या दरम्यान द्यायचं, मधे एक स्विच, म्हणजे स्विच टाकला की गेम नाहीतर नेहमीचा टीव्ही. कंट्रोलरकडून येणाऱ्या तारा तोडून टाकू नका, त्यांना डायोड लावून वेगळं केलं की आवाजाच्या दांड्याही दिसत राहतात. राहिलं सिंक, म्हणजे ओळ कुठे सुरू करायची हा इशारा, तो जुन्या पिवळ्या पिनेतूनच द्यायचा आणि टीव्ही एव्हीवर ठेवायचा, गेममधून ५ व्होल्टचं कोरडं सिंक येत असेल तर मधे ४७० ओहमचा रेझिस्टर. एवढंच सामान, रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, एक सॉकेट, एक स्विच. पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं आणि चहा-नाश्त्याच्या पैशात येतं. महाग आहे तो हे करणारा हात.

आणि याचा एक फायदा असा की जो आधी कुणी सांगत नाही. अमेरिकेतल्या मामाने आणलेला सुपर निन्टेन्डो इथे लावला की काळा-पांढरा दिसायचा, आठवतंय? कारण तिकडचं एनटीएससी, आपलं पाल, आणि टीव्हीला त्यातला रंग सोडवता यायचा नाही. आरजीबीत रंग सोडवायचाच नसतो, तो आधीच वेगळा आलेला असतो, म्हणून जपानी मशीन असो की अमेरिकन, सगळे रंग येतात. फक्त ते ६० हर्ट्झवर चालतं, ते नव्वदीच्या मधल्या काळापासूनचे बहुतेक सेट आपोआप पकडतात, त्याआधीचे जुने असतील तर चित्र वर वर धावतं आणि मागचा व्हर्टिकल होल्डचा नॉब फिरवून थांबवावं लागतं, थांबलं तर.

आता कुणी उगाच खर्चात पडू नये म्हणून तेही सांगतो. सामुराई आणि लिटल मास्टरवाल्यांना या कामाचा उपयोग नाही. त्या मशीनची चित्राची चिप मुळात कंपोझिटच बनवते, आतमध्ये आरजीबी असं कुठे नसतंच, त्यामुळे टीव्ही कितीही सुधारा, मशीनमधून येणारं तेच. त्यांनी अँटेनाची वायर सोडून एव्ही पिनेवर यावं, तेवढ्यानेही फरक पडतो. दुसरं, २००० नंतरचे शेवटचे शेवटचे २९ इंची फ्लॅट डबे असतील तर आधी मागे बघा, डीव्हीडीसाठी लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना कंपनीनेच दिलेल्या असू शकतात. त्या आरजीबी नाहीत, कंपोनंट आहेत (उजेड एका तारेत, रंग दोन तारांत), पण प्लेस्टेशन टू त्यात सरळ जातो आणि बाकीच्यांना मधे एक छोटा कन्व्हर्टर लागतो, टीव्ही उघडायची गरजच नाही. तिसरं, जुन्या टीव्हीचा बोर्ड जाऊन मेकॅनिकने चायना किट (तयार चिनी बोर्ड) बसवलेलं असेल तर वर कंपनीचं नाव काहीही असो, आतली आयसी कुठली आहे ते बघूनच ठरवायचं, काहींत आरजीबीच्या पिनाच नसतात. आणि काही आयसींना नंबर दाखवायची वाट असते पण ती नुसती चालू-बंद अशी, म्हणजे गेम लावला तर आठच रंग दिसतील. म्हणून डेटाशीट, डेटाशीट, डेटाशीट.

शिवाय आरजीबी म्हणजे नेहमी चांगलंच असंही नाही हे माझं मत. सॉनिकमधला धबधबा बघा. तो उभ्या पट्ट्यांनी काढलाय, कंपोझिटमध्ये त्या पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी आरपार दिसतं, काढणाऱ्याने तो पसरटपणा धरूनच काढलेला. आरजीबी लावा, पाण्याच्या जागी गज उभे राहतात. प्लेस्टेशन वनचे काही गेमही असेच, सावल्यांत ठिपके ठिपके दिसायला लागतात. मी स्वतः मेगा ड्राइव्ह बऱ्याचदा पिवळ्या पिनेवरच लावतो आणि आरजीबीवाले मित्र त्यावरून बोलतात, बोलू देत. पण ज्या गेममध्ये वाचायची अक्षरं भरपूर आहेत तिथे आरजीबी बघितल्यावर परत मागे जाववत नाही.

आता करंट. हे छापाच. पिक्चर ट्यूबच्या वर रबरी टोपीखाली जी जाड वायर जाते तिथे २० ते २५ हजार व्होल्ट असतात, आणि टीव्ही बंद करून प्लग काढला तरी ट्यूब तो चार्ज धरून ठेवते, कधी कधी कितीतरी दिवस. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी असतं, माणूस मारायला ते पुरे. ट्यूब डिस्चार्ज करणं हे ट्यूबच्या बाहेरून जी उघडी ग्राउंडची वेणी गेलेली असते तिला वायर जोडून, इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने, एक हात खिशात ठेवून करायचं काम आहे आणि ते आधी कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवायला हवं, पेपरातलं पत्र वाचून शिकायचं नाही. ट्यूबची मागची मान बारीक काचेची असते, आत निर्वात पोकळी, धक्का लागला की गेली.

याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे हॉट चासी. जुन्या बऱ्याच सेटमध्ये बोर्डाचं ग्राउंड हे घरातल्या मेन लाइनशी सरळ जोडलेलं असतं, मधे ट्रान्सफॉर्मरची फारकत नाही. त्या टीव्हीला फक्त अँटेनाचं सॉकेट असायचं आणि त्यात मधे कपॅसिटर टाकून वाचवलेलं असायचं, म्हणून आपण इतकी वर्षं हात लावूनही वाचलो. अशा टीव्हीला कुणी हौसेने एव्ही किंवा आरजीबीचं सॉकेट बसवलं तर २३० व्होल्ट गेमच्या केबलमधून मशीनमध्ये आणि तिथून कंट्रोलर धरून बसलेल्या पोराच्या हातात. साधा नियम असा की ज्या टीव्हीला कंपनीनेच मागे एव्हीच्या पिना दिल्यात त्याची ती बाजू मेनपासून वेगळी केलेली असते, असाच टीव्ही घ्या. नुसतं अँटेनाचं सॉकेट असेल तर नाद सोडा आणि दुसरा शोधा, फुकटात मिळतात अजून.

आणि फुकटात मिळतात तोवरच हं. टीव्हीचं रंगीत चित्र आपल्याकडे १९८२ ला दूरदर्शनने सुरू केलं, तेव्हापासून पुढची पंचवीसेक वर्षं याच महाराष्ट्रात, पैठण रोडला चितेगावात व्हिडिओकॉनचे, इकडे वाड्याला ओनिडाचे, केवढे टीव्ही बनले. आता घरगुती टीव्हीची कलर ट्यूब नव्याने कुणी बनवत नाही. जी आहे ती जपायची किंवा फोडायची. आणि फोडण्याचं काय होतं ते तुमच्या लेखात आलं नव्हतं. भंगारवाल्याला त्या डब्यात रस असतो तो तांब्यात, म्हणजे मानेवरचं योक आणि काचेभोवतीची डीगॉसिंग कॉइल या तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांत. ती काढायला तो मान फोडतो, तांबं घेतो, काच नाल्याकडेला. त्या ट्यूबच्या मागच्या निमुळत्या भागाच्या, फनेलच्या काचेत वजनाच्या वीस-पंचवीस टक्के लेड ऑक्साइड असतं, क्ष-किरण बाहेर येऊ नयेत म्हणून मुद्दाम घातलेलं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, त्यात कंपन्यांवर जबाबदारी वगैरे सगळं आहे, पण हातगाडीवरून गेलेल्या डब्याला ते नियम कुठे भेटणार. मेलेला टीव्ही असेल तर नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्यालाच द्या, अख्खा, न फोडता. चालू असेल तर गेमवाल्या पोराला द्या.

एक विनंती तुम्हाला आणि एक वाचकांना. तुम्हाला अशी की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा डबा टीव्हीपुढे "चालू असल्यास आधी विचारा" एवढं घाला. वाचकांना अशी की घरात जुन्या टीव्हीचं पुस्तक, त्यात घडी घालून ठेवलेला सर्किट डायग्राम असेल तर रद्दीत घालू नका. आयसीची डेटाशीट कुठेही मिळते पण अमुक कंपनीने तिच्याभोवती काय लावलंय ते त्या एका कागदावरच असतं. आमच्या इकडचे टीव्ही मेकॅनिक काका हे कागद ट्रंकेत ठेवायचे, दुकान बंद करून आता ते मोबाइलचे कव्हर विकणाऱ्या मुलाकडे बसतात, ट्रंक अजून आहे आणि त्यांना विचारलं की तासभर बोलतात. प्रत्येक गावात असा एक माणूस सापडेल. एलओटीचा (ट्यूबसाठी हजारो व्होल्ट तयार करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा) बारीक शिट्टीसारखा आवाज त्यांना आता वयामुळे ऐकू येत नाही, १५,६२५ हर्ट्झ असतो तो, पण काळी रेघ बघून कुठला कपॅसिटर गेलाय ते बसल्या जागी सांगतात. त्यांच्याकडून शिकायचं असेल तर आता शिका, आयटीआयच्या पोरांनी तर नक्की.

आपला,
एक वाचक, धनकवडी, पुणे

ता. क. – २९ इंची फ्लॅट डबा फुकट मिळतोय म्हणून एकट्याने उचलायला जाऊ नका. चाळीस किलोच्या पुढे जातो आणि सगळं वजन काचेच्या बाजूला असतं, म्हणून काच छातीकडे धरून दोघांनी उचलायचा. जिना अरुंद असेल तर २१ इंचीच घ्या, खेळायला तोच बरा पडतो.